मशीन बंद झाल्यावर उदबत्ती

मी बातमीसाठी बाहेरगावी होतो, तेव्हा सकाळी कैलासचा फोन आला. “अण्णा गेले,” तो म्हणाला. “सिलिंडर भरायला आलो होतो. वैनी दारातच उभ्या होत्या.” प्रभाकर निकम यांच्या जाण्याला आता काही आठवडे झाले. अंबडच्या एका कारखान्यातून मेंटेनन्सचे फोरमन म्हणून ते निवृत्त झाले होते आणि सातपूरला आमच्या कॉलनीत, भिंतीला भिंत लावून राहत होते. त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये एक जुना कॉम्प्रेसर. नदीत किंवा धरणात कोणी बुडालं की शोधायला जे पथक उतरतं, त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये या कॉम्प्रेसरने हवा भरली जाते. कैलास त्या पथकाचा प्रमुख. निकम स्वतः पाण्यात कधी उतरले नाहीत. पण खाली गेलेला माणूस जो श्वास घेतो तो कुठून येतो, ही काळजी त्यांनी आपली मानली होती.

या काळजीची सुरुवात एका धरणाच्या काठावर झाली. त्यांच्या खात्यातला एक कामगार सहलीला गेला असताना बुडाला होता. निकम काठावर उभे होते, मीही बातमीसाठी तिथे होतो. कैलास खाली गेला आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर वर आला. त्याला काठावर ओढून घेतलं तेव्हा तो ओकत होता आणि दोन्ही हातांनी डोकं दाबून धरत होता. लोक म्हणाले, पाण्याचा दाब सोसला नाही. कोणी म्हणालं, उपाशीपोटी गेला असेल. निकम त्याच्याजवळ बसले आणि त्यांनी एकच विचारलं, “हवा कुठं भरली होती?” कैलासला नीट सांगता येईना. कोणाकडून तरी सिलिंडर भरून आले होते. “ऑक्सिजनची टाकी फुल होती अण्णा, काटा बघितला ना मी,” तो म्हणाला. “ऑक्सिजन नाही, हवा म्हण,” निकम म्हणाले. “आणि काटा किती भरलं ते सांगतो. काय भरलं ते नाही सांगत.”

त्यानंतर पथकाने स्वतःचा कॉम्प्रेसर शोधला. मालवणकडे पर्यटकांना समुद्राखाली नेणारा एक व्यवसाय बंद पडला होता, त्यांच्याकडून तो आला. खाऱ्या वाऱ्याने त्याचे नटबोल्ट गंजले होते. पेट्रोल इंजिनाचं धुराडं आणि हवा ओढणारं तोंड यांच्यात जेमतेम हातभर अंतर होतं. निकम यांनी पहिल्याच दिवशी ते इंजिन काढून बाजूला ठेवलं. “धूर निदान दिसतो,” ते म्हणाले, “त्यातला मारणारा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. पाण्याखाली तर माणसाला नुसती झोप येते.” इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसली. उभी नोकरी त्यांनी कारखान्याच्या कॉम्प्रेसरवर काढली होती, पण तो अनुभव इथे पुरणार नाही हे त्यांनी आधीच धरलं होतं. कारखान्यातली हवा नट आवळते, ही छातीत जाते, असं ते म्हणत. गोणपाटावर एकेक भाग मांडून ते बसत. तेल बदललं, नवा फिल्टर बसवला, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून आणला, सिलिंडर दाबाच्या चाचणीला पाठवले. दिवाळीनंतर आलेलं यंत्र उन्हाळा लागला तरी उघडंच होतं. पथकाची पोरं कंटाळली. “अण्णा, तेवढ्यात दुसरं लग्न उरकलं असतं,” कैलास म्हणायचा. “पहिलीला विचार,” निकम पाना न थांबवता उत्तर द्यायचे. आतून शैलजावहिनींचा आवाज यायचा, “माझी ना नाही. मशीन पण तिकडंच घेऊन जा म्हणावं.”

अक्षय्य तृतीयेला यंत्र पहिल्यांदा चालवायचं ठरलं. वहिनींनी कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि केळ्यात उदबत्त्या खोचून ते केळं यंत्राच्या कडेवर ठेवलं. आपल्याकडे नवी मोटरसायकल असो की पिठाची गिरणी, हे असंच होतं, त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. निकम यांनाही नाही. त्यांनी हात जोडले आणि बटण दाबलं. पहिला सिलिंडर भरला. कैलासने व्हॉल्व्ह जरासा उघडून नाक पुढे केलं आणि तो हसायलाच लागला. “मोगरा! अण्णा, देवळातली हवा भरली तुम्ही!” सगळे हसले. निकम हसले नाहीत. त्यांनी स्वतः वास घेतला, मोटर बंद केली आणि भरलेला सिलिंडर अंगणात नेऊन पूर्ण उघडला. कर्कश आवाज करत हवा सुटली. “अहो, पहिलीच भरणी... अशी कोणी सोडून देतं का?” वहिनी म्हणाल्या. शुभ कामाला आपल्या हातून गालबोट लागलं, असं त्यांना वाटलं होतं. त्या आत निघून गेल्या.

निकम यांनी त्याच दुपारी फिल्टर उघडला. नव्या फिल्टरमधल्या कोळशाने उदबत्तीचा वास पुढे जाऊच द्यायला नको होता. मग तो गेला कसा? तळाची रबरी रिंग आपल्या खाचेत बसलेली नव्हती. हवा कोळशातून न जाता कडेने निसटत होती. ती रिंग त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती. ते रिंग तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेले. भिंत पातळ असल्याने पुढचं मला ऐकू आलं. “शैला, ही माझी चूक. तुझ्या उदबत्तीने पकडली. ती नसती तर मी कैलासला अशीच हवा देऊन खाली पाठवलं असतं.” वहिनी म्हणाल्या, “मग आता रोज लावू का?” “नको, नको,” ते घाईने म्हणाले आणि मग दोघंही हसली.

त्यानंतर हवा ओढणारा पाइप गच्चीवर, रस्त्याच्या उलट्या बाजूला गेला. हवेचा नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल चांगला आल्यावरच कैलास त्या हवेवर खाली उतरला. तो पाण्यात असेपर्यंत निकम काठावर उभे राहिले, त्यांनी कोणी दिलेला चहाही घेतला नाही. शेडच्या दारावर खडूने लिहिलं गेलं: मशीन चालू असताना उदबत्ती, विडी, स्कूटर बंद. पाऊस लागला की अक्षरं पुसट होत आणि निकम ती पुन्हा गिरवत. दसऱ्याला यंत्राला फक्त फुलं. उदबत्ती मशीन बंद झाल्यावर.

दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना दम लागू लागला. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार निघाला, त्यावर फारसा इलाज नव्हता. पुढे नाकाला नळी लागली. कैलास पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा नळीकडे बघत तो उभा राहिला. “आता म्हण ऑक्सिजन,” निकम म्हणाले. “आता बरोबर हे.” यंत्र चालू असलं की ते शेडबाहेर खुर्ची टाकून बसत, डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकत. माझी शेवटची भेट त्या खुर्चीजवळच झाली. बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं. कैलास फिल्टर बदलून बाहेर आला. “रिंग...” एवढंच निकम म्हणाले. “बोट फिरवून बघितली अण्णा. बसली हे.” त्यांनी मान हलवली. कैलास मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, “ते हायेत तोवर ठीक हे. नंतर मला लय भ्या वाटतंय. मी विसरलो तर खाली पोरगं मरंल, आणि कोणाला कळणार पण नाय कशानं मेलं.”

दशक्रिया विधीनंतर पथकाने निकम यांचा फोटो शेडमध्ये लावला. पुढे लाकडी फळी, तिच्यावर एक वाटी. वहिनी सकाळी तिथे उदबत्ती लावतात. गेल्या आठवड्यात पेठ रस्त्याकडच्या एका बंधाऱ्यात माणूस बुडाल्याचा निरोप आला आणि कैलास रिकामे सिलिंडर घेऊन घाईने आला. मी शेडच्या दाराशी होतो. त्याने फिल्टर उघडला, रिंगवरून बोट फिरवलं, एकदा आणि मग पुन्हा एकदा. नंतर तो बटणाजवळ गेला. फोटोपुढची उदबत्ती निम्मी जळाली होती. वहिनींनी ती उचलली. “राहू द्या वैनी, पाइप वर गच्चीत हे. इथला धूर नाय जात तिकडं,” कैलास म्हणाला.

“माहितीये मला. तू भरून घे आधी.”

त्यांनी उदबत्तीचं टोक वाटीतल्या राखेत दाबलं, ती फोटोपुढे आडवी ठेवली आणि पदराने हात पुसत त्या शेडबाहेर निकम यांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मोटर सुरू झाली.