अक्षता पडेपर्यंत

"आपण भिंत आहोत. भिंतीनं लग्नात बोलायचं नसतं."

मी ज्यांच्या हाताखाली लग्नांत काम करत असे, ते छायाचित्रकार कॅमेरा खांद्यावर घेण्यापूर्वी हे वाक्य मला ऐकवत, पायांतल्या चपला काढून एखाद्या खुर्चीखाली सरकवत आणि मग दिवसभर कार्यालयात अनवाणी वावरत. पावलांचाही आवाज चित्रणात येता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष होता.

लग्नातले छायाचित्रकार आपण सर्वांनीच पाहिले आहेत. एकदा घातलेला हार ते पुन्हा घालायला लावतात, गुरुजींना हाताने थोपवतात, नवरीला "जरा रडा" असेही सांगतात. ह्यांनी तसे कधी केले नाही. एकदा एका वरमाईंनी गोड आवाजात विचारले, "अहो, कानपिळीचा फोटो राहिला असेल तर पुन्हा करू या का?"

"राहिला," ते म्हणाले. "कान एकदाच पिळायचा असतो."

कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पोरसवदा विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून मी संगणक शिकू लागलो. ह्यांचे दुकान कोथरूडला आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर होते. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही, एक बहीण धायरीला. मला रोज वही घेऊन जाताना पाहून एके दिवशी त्यांनी हटकले, "हे शिकताय ते कशासाठी?"

मी खांदे उडवले.

"मग या माझ्याकडे. लग्नात दिवा धरा आणि दुकानात चित्रण जोडायचं काम संगणकावर करा. माझी बोटं आता नवीन काही शिकणार नाहीत."

अशा रीतीने मी त्यांचा दिवा झालो. वर्षभर फार चांगले गेले, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. कारण पुढचे सगळे एकाच लग्नाभोवती फिरते.

त्या लग्नातला मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. दहा दिवसांच्या रजेवर आलेला. शनिवारी परतीचे विमान, आणि त्याआधी मुलीच्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला काढायचा. कार्यालयात ज्याच्या त्याच्या तोंडी शनिवार होता. मुलीचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. मुठीत अक्षता होत्या.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींची मंगलाष्टके झाली आणि मुलीच्या आत्याबाई पुढे सरसावल्या. त्यांनी स्वतः चार मंगलाष्टके रचली होती. 'अमेरिका'ला त्यांनी 'सारिका' हे यमक जुळवले होते. ही सारिका कोण, ते दोन्हीकडच्या मंडळींना शेवटपर्यंत कळले नाही. मी वधूवरांवर दिवा धरून होतो. ते माझ्यामागे स्टुलावर उभे राहून चित्रण करत होते; चौकटीत पहिली रांगही येत होती.

शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि ते स्टुलावरून उतरले. सरळ मुलीच्या काकांकडे गेले आणि त्यांच्या कानाशी लागले. काकांचा चेहरा मला दिसला. त्या दोघांनी आजोबांना खुर्चीसकट उचलून मागच्या दाराने नेले. पाहुण्यांना सांगितले, "उन्हाचा त्रास झाला." पंगती बसल्या.

तिसऱ्या प्रहरी काका परतले. त्यांनी आम्हाला भटारखान्यामागे बोलावले आणि ह्यांचे दोन्ही हात धरले.

"गेले. पण तुम्ही थांबलात, उपकार झाले. मधेच कळलं असतं तर सुतक, आणि शनिवारचं विमान..." मग डोळे पुसत ते म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, पाच-दहा मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. म्हणतातच ते तसं."

रिक्षात हे म्हणाले, "मूठ उघडली, तांदूळ मांडीवर सांडले. मला वाटलं, गेले. म्हटलं, गेलेला माणूस थांबू शकतो, मुहूर्त थांबत नाही."

आठवड्याने तेच गुरुजी दुसऱ्या एका लग्नात भेटले. ह्यांनी त्यांना सगळे सांगितले.

"अहो, सकाळीच नांदीश्राद्ध झालं होतं," गुरुजी म्हणाले. "त्यानंतर सुतक लग्नाच्या आड येत नाही. मला विचारायचं नाही का?"

"मधेच?"

"मग काय, जेवणानंतर?"

त्या संध्याकाळी त्यांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि मला संगणकासमोर बसवले. मूठ उघडल्यापासून शेवटच्या अक्षतांपर्यंत सात मिनिटे होती, आणि त्यांतली बहुतेक आत्याबाईंची.

"तुम्ही त्या दिवशी नवरीकडं बघत होतात, तुमचे डोळे कोरे आहेत," ते म्हणाले. "सांगा, मूठ उघडल्यावर हात हलला का?"

मी पाहू लागलो. आत्याबाईंच्या तिसऱ्या मंगलाष्टकाच्या अखेरीस आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटे उपरण्याच्या काठाकडे गेली. काठ धरता आला नाही. बोटे पुन्हा खाली आली.

"नाही," मी म्हणालो. "पंख्यानं उपरणं हलतंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी संगणक बंद करायला सांगितले. आयुष्यात मी फारशी धीट कृत्ये केलेली नाहीत. त्या रात्री जेवताना मला वाटले की आज एक केले.

दोन महिन्यांनी वारज्याच्या एका लग्नात ते मंगलाष्टकांच्या मध्येच स्टुलावरून उतरले आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींचा खांदा गदागदा हलवू लागले. आजींना डुलकी लागली होती.

"अहो, जिवंत आहे मी! लग्नात मेलं झोपूसुद्धा देत नाहीत!"

सगळे हसले. पुढच्या लग्नात त्यांनी एका आजारी आजोबांच्या नाकापुढे हात धरला, तेव्हा कोणी हसले नाही. आजोबांच्या मुलाने त्यांना दंडाला धरून बाहेर काढले. म्हाताऱ्यांचा श्वास तपासणारा फोटोवाला कोणाला आपल्या मांडवात हवा असेल? बोलावणी थांबली. दिवाळीपूर्वी त्यांनी दुकान बंद केले आणि ते बहिणीकडे धायरीला राहायला गेले.

मी दोन वर्षे तिकडे गेलो नाही. जायला निघे आणि बसथांब्यावरून परत येई. शेवटी एका रविवारी गेलो. ते पुढच्या खोलीत कॉटवर बसले होते, खूप वाळले होते. मी वाटेत पाठ केलेली वाक्ये विसरून एवढेच म्हणालो, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. बोटं हलली होती."

"दोन," ते म्हणाले.

मी कॉटच्या कडेला टेकलो.

"मी पहिल्याच दिवशी चित्रणात पाहिली होती. तुम्हाला विचारलं ते खात्री करायला नव्हे. तुम्ही हो म्हणाला असतात, तर ते आपण दोघांनी पाहिलेलं झालं असतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. त्यांच्या बहिणीने चहा आणला, आम्ही तो घेतला आणि मी उठलो. पुन्हा येतो म्हणालो; ते मान हलवून बरे म्हणाले.

पुढे मी गेलो तो त्यांच्या बहिणीचा फोन आल्यावर. त्यांना अंगणात ठेवले होते. शेजारीपाजारी पायांना हात लावून बाजूला होत होते. मी नमस्कार केला, पण बाजूला झालो नाही. पोटावर ठेवलेल्या त्यांच्या हातांकडे पाहत उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. अखेर त्यांची बहीणच जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आता उचलू द्या त्यांना."