आबांच्या गाडीचं छत

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, एक जुनी परदेशी गाडी होती. आबा जळगावातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर होते. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आबांच्या गळ्यात मारली, असं सासूबाई म्हणत. मालकाने खूश होऊन दिली, असं आबा म्हणत. गाडीच्या छतात पत्र्याचंच एक झाकण होतं. आरशाजवळची मूठ फिरवली की ते मागे सरकायचं आणि डोक्यावर आभाळ दिसायचं. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत तेव्हा स्कूटरवाल्यालाही मान होता, छत उघडणाऱ्या गाडीची तर गोष्टच सोडा. फक्त ती गळायची.

मला ते कळलं लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात. पंचमीला मी पारोळ्याला माहेरी गेले होते. आबा आणि हे मला न्यायला आले. एरंडोलच्या अलीकडे पावसाने गाठलं. बैलगाडीला वाट द्यायला आबांनी गाडी थांबवली आणि पुन्हा जोरात काढली, तसं झाकणाच्या कडेतून तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर आलं. आईने नेसवलेली नवी साडी खांद्यापासून भिजली. ह्यांनी पुढच्या सीटवरून वळून रुमाल दिला.

आबा आरशातून बघत होते. "राहू दे," ते म्हणाले. "बापाच्या घरी छप्पर तरी होतं का? इथं निदान छताखाली भिजतेय."

माझ्या वडिलांचं घर दोन खोल्यांचं होतं, पण छप्पर नीट होतं. मी पदर पिळला. हे पुन्हा समोर बघायला लागले. मग आबा ह्यांच्यावर घसरले. "आणि तू रे? तीन पावसाळे झाले. एक भोक सापडत नाही तुला?"

खरी गोष्ट अशी होती की त्या तीन पावसाळ्यांत ह्यांना गाडीला हात लावायची परवानगीच नव्हती. झाकणाभोवतीच्या रबरावर कधी सरस, कधी काचेला लावतात ती लांबी, कधी डांबर थापायचे ते आबाच. उपाय आबांचे आणि अपयश ह्यांचं, अशी त्या घरातली वाटणी होती.

पुढच्या रविवारी आबांनी गाडी अंगणात मधोमध उभी केली आणि ह्यांना आत बसवलं. काचा वर. श्रावणातली उघडीप होती, ऊन चटके देत होतं. आबा स्टुलावर चढले आणि नळाची नळी छतावर धरली.

"सांग, पाणी कुठून येतंय?"

आतून ह्यांचा आवाज नीट येत नव्हता. "डावीकडून! पुढच्या कोपऱ्यातून!"

"कोपऱ्यातून म्हणजे? रबरातून की पत्र्यातून?"

"दिसत नाही आबा. अस्तराच्या मागून येतंय."

शेजारचे दोघं-तिघं कुंपणापाशी जमले होते. ते पाहून आबांना स्फुरण चढलं. "बठ्ठं पाणी तुना डोकामाच भरेल शे," ते अहिराणीत म्हणाले, सगळं पाणी तुझ्या डोक्यातच भरलंय म्हणून. घरात ते शुद्ध बोलत, पण माणसं हसवायची असली की त्यांची बोली बाहेर यायची. माणसं हसली. मग आबांनी ह्यांना मूठ फिरवायला सांगितली, झाकण चार बोटं उघडवलं आणि नळी सरळ त्या फटीत सोडली. हे दचकून दाराकडे सरकले. आबा नळी फटीत तशीच ठेवून खाली उतरले आणि त्यांनी दाराला बाहेरून पाठ लावली. हे सत्तावीस वर्षांचे होते, सरकारी कचेरीत कारकून होते आणि अंगणात सगळ्यांसमोर तोंडावर हात धरून बसले होते.

मी पायरीवरून उठले. सासूबाईंनी माझा दंड पकडला. "चहा टाक," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना." त्यांच्या आवाजात राग नव्हता की कीवही नव्हती. दूध उतू जाईल, हे ज्या आवाजात सांगतात, तोच आवाज होता.

गणपती झाल्यावर धुळ्याला आबांच्या बहिणीच्या पायाचं हाड मोडलं. आबा आणि सासूबाई एसटीने तिकडे आठवडाभर राहायला गेले. निघताना आबा गाडीची किल्ली घेऊन गेले, पण मागचं एक दार किल्लीशिवायही उघडायचं. ते ह्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर हे गाडीत शिरले. मी दिवा धरला. ह्यांनी झाकण मागे सरकवलं आणि चौकटीतली पन्हळ बोटाने साफ करायला घेतली. गाडी कायम लिंबाखाली उभी असायची. पन्हळीत काड्या, वाळकी पानं, निंबोळ्यांची सालं आणि धुळीचा चिखल होता. तो काढल्यावर पुढच्या कोपऱ्यात करंगळीही जाणार नाही असं एक भोक दिसलं.

"हे भोक मुद्दाम ठेवलेलं आहे," हे म्हणाले. "पाणी तर येणारच पन्हळीत. ते इथून खाली जायला हवं."

मी पेलाभर पाणी ओतलं. ते हललं नाही. चारही कोपऱ्यांत तसंच. तेवढ्यात ह्यांना घरात पडलेली स्कूटरची जुनी क्लच वायर आठवली. तिचं टोक घासून गोल केलं आणि हळूहळू भोकात सारायला लागले. वायर दाराच्या खांबातून हातभर आत गेली आणि अडली. ह्यांनी ती गोल फिरवली, मागे घेतली, पुन्हा सारली. मग सायकलचा पंप लावून हवा मारली. चाकाजवळ खाली काळं पाणी भसकन आलं आणि पाठोपाठ मातीची एक गोळी पडली. कुंभारणीचं घर होतं ते, मातीचं घर बांधणाऱ्या त्या काळ्या माशीचं.

हे मोठ्याने हसले. लग्नाला पाच महिने झाले होते आणि हे हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. उरलेले कोपरे मोकळे करायला आणखी दोन संध्याकाळी लागल्या. आबांचं डांबर ह्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं. मग मी बादल्या ओतल्या आणि हे आत बसले. या वेळी आपण होऊन बसले. सीटवर थेंब नाही. पाणी चारही चाकांपाशी धार लावून पडत होतं.

आबा परत आल्यावर ह्यांनी त्यांना चप्पलही काढू दिली नाही. "आबा, बघा तरी."

आबांनी स्वतः नळी धरली. बराच वेळ धरली. मग गुडघ्यावर बसून चाकापाशी पडणारी धार पाहिली, आत हात घालून सीट चाचपली. हे शेजारी उभे होते. एक शब्द मिळेल म्हणून थांबले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"माझी गाडी कुणी उघडली?" आबा म्हणाले. एवढंच. हात धुऊन जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन गेले आणि दुपारी आणली. झाकणावर पत्रा ठोकला होता. चारी बाजूंनी रिव्हेट. मूठही काढून टाकली होती.

हे कचेरीतून आले आणि सायकल हातात धरूनच उभे राहिले. "आबा, पण ते गळत नव्हतं आता."

"आता गळणारच नाही," आबा म्हणाले. "छप्पर असं असतं. भोकं मोकळी करणं हे मोरी साफ करणाऱ्याचं काम, माझ्या मुलाचं नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप थोडं जोरात आपटलं, बस.

ह्यांनी बदलीचा अर्ज केला, तो मलाही न सांगता. धुळ्याची ऑर्डर हातात आली तेव्हा सगळ्यांना एकदमच कळलं. आबा म्हणाले, "दोन महिन्यांत परत येईल. ह्याला स्वतःचं पाणी भरता येत नाही." आम्ही परत गेलो नाही. धुळ्यात एका खोलीत संसार मांडला, मुलगी झाली, सणावारी तेवढं जळगावला जात राहिलो.

एका दिवाळीला आबांचे जुने मित्र जेवायला होते. आबांनी गाडीची गोष्ट काढली. "तीन वर्षं डोकं लावलं. शेवटी मीच शोधलं. पन्हळीची भोकं बुजली होती. वायर घातली, निघालं." शेजारी बसून हे भात कालवत होते. मी वाढता वाढता थांबले. "आबा, ते तर..."

"वरण वाढ," हे मला म्हणाले.

परतताना एसटीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मी विचारलं, "बोलू का दिलं नाही मला?"

"दर सणाला सांगतात. सांगू दे त्यांना," हे म्हणाले. "प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, भोकं मोकळी झाली होती तर मग वर पत्रा का ठोकला? तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं, पाहिलंस कधी? मी त्यासाठीच जातो."

आवाज शांत होता. ह्यांनी खिडकीला डोकं टेकवलं आणि थोड्याच वेळात झोपले. मी मुलीच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला आणि धुळं येईपर्यंत जागी राहिले.