पाण्याचा अंदाज

दहिसरला नदीच्या अंगाला जिथे चाळ होती, तिथे आता बावीस मजली टॉवर आहे. त्याच्या नवव्या मजल्यावर मालन राहते. घरात नवरा दशरथ, मुलगा सर्वेश, सून रुचिरा आणि दीड वर्षाची नात प्रांजल.

मालनचं वय बासष्ट. त्यातली सव्वीस वर्षं तिने साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या भाजण्यात काढली. गिरणी बंद पडल्यावर दशरथला धड काम मिळेना, तेव्हा ती जी तव्यापुढे उभी राहिली ती सर्वेश नोकरीला लागून स्थिरस्थावर होईपर्यंत. आधी बोटांना फोड यायचे, मग घट्टे पडले, मग काही वाटेनासंच झालं. टम्म फुगलेली चपाती ती हातानेच उलटायची, पातेलं फडक्याशिवाय उतरवायची. दशरथ आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, "हिचो हात नाय तो, तवो आसा तवो!"

सर्वेश लहान असताना ती पहाटेच बाहेर पडायची. त्याच्या अंगावर दोन तांबे घालायची शेजारीण. त्यामुळे नातीची आंघोळ मालनने पहिल्या दिवसापासून कुणालाच दिली नाही. पाटावर बसायचं, पाय पसरायचे, त्यावर पोरीला घ्यायचं, कोमट तेल चोळायचं आणि "ये गो बाय माझे" करत पाणी घालायचं. त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारलेली खपत नसे.

जानेवारीत एका सकाळी बरा गारठा होता. मालनने गीझरचं पाणी बादलीत सोडलं, थंडी म्हणून वरून गार नेहमीपेक्षा कमी घातलं, हात बुडवून पाहिला. कोमट. पहिला तांबा तिने पोरीच्या पायावर ओतला.

प्रांजल अशी किंचाळली की रुचिरा लॅपटॉप तसाच टाकून धावत आली. पोरीचं डावं पाऊल लालबुंद झालं होतं. रुचिराने तिला उचलून पाऊल बेसिनच्या गार नळाखाली धरलं.

"हळद लावते थांब," मालन उठता उठता म्हणाली.

"काही लावायचं नाही आई, नुसतं गार पाणी. वीस मिनिटं."

पोरीला कडेवर धरून रुचिराने मोकळा हात बादलीत घातला आणि चटकन बाहेर काढला.

"आई, हे कोमट आहे?"

मालनने पुन्हा हात बुडवला. "कोमटच आहे गं."

रुचिरा सासूच्या हाताकडे बघत राहिली आणि मालनही आपल्याच हाताकडे बघत राहिली.

फोड आला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. सर्वेश आईला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मालनला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने टॉवेल आणि साबण रुचिराच्या हातात ठेवले. "तूच घाल. माझ्या हाताचा भरवसा नाही."

पुढचे आठ-दहा दिवस घराची वाट लागली. ऑफिसच्या घाईत रुचिरा आंघोळ उरकू बघायची आणि बाथरूमचं दार दिसलं की पोर ताठ होऊन रडायची. मालन स्वयंपाकघरात कांदा चिरत ते ऐकायची. मग दुपारी घरात निजानीज झाली की तीन वाट्यांत वेगवेगळं पाणी घेऊन बसायची. बोटं बुडव, तळवा बुडव. गारढोण तेवढं कळायचं. कोमट आणि कढत यांतला फरक हाताला लागतच नव्हता. ज्या हातावर घर चाललं, त्याला आता पोरीसाठी एवढंही करता येऊ नये? एकदा तिला रडूच आलं. डोळे पुसताना कोपर कढत पाण्याच्या वाटीला लागलं, पाणी सांडलं आणि ती चमकून ओरडली, "आई गं!"

मग तिने कोपर मुद्दाम दुसऱ्या वाटीत बुडवलं. कळलं. तिसऱ्या वाटीतलंही कळलं. चपात्या काही तिने कोपराने भाजल्या नव्हत्या.

संध्याकाळी रुचिरा आल्या आल्या मालन म्हणाली, "उद्यापासून मी घालते. पण तू आधी हात घालून बघायचं, आणि माझ्या बाजूला उभं राहायचं."

"मी तरी कुठे नको म्हटलं होतं, आई? तुम्हीच रुसून बसलात."

पण प्रांजलला कोण समजावणार? मालनने घाई केली नाही. पहिले दोन दिवस आंघोळच नाही, नुसतं अंग पुसलं. बाथरूममधला प्लास्टिकचा टब हॉलमध्ये आणून त्यात चार बोटं पाणी घातलं, चहाची जुनी गाळणी आणि स्टीलची वाटी दिली, आणि ती स्वतः टबाला खेटून बसली. दाराची बेल वाजली तरी उठली नाही. "अहो, तुम्ही बघा कोण ते," म्हणून दशरथला पिटाळलं. पोर गाळणीतून पडणारी धार बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने आपला पाय आपणच टबात घातला, काढला, पुन्हा घातला आणि बुडासकट बसली. "बसली गं, बसली!" मालन ओरडली, तशी रुचिरा हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

आता टब परत बाथरूममध्ये गेलाय. खाली रबरी चटई आहे. टॉवेल-कपडे आधीच हाताशी असतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, मग मालनचं कोपर, मग रुचिराचा हात, आणि शेवटी प्रांजलचं बोट. तिने "गाल" म्हटलं की थोडं गरम, "गलम" म्हटलं की थोडं गार. ती हो म्हटल्याशिवाय तांबा भरायचा नाही.

रविवारी सर्वेशचा नंबर असतो. परवा त्याने सरळ तांबा उचलला, तशी मालन दारातून म्हणाली, "कोपर घाल आधी."

"आई, मी कम्प्युटरवर काम करतो. माझे हात तुझ्यासारखे झालेले नाहीत."

"म्हायत आसा माका," मालन म्हणाली. "तरी घाल."

सर्वेशने बाही वर केली आणि घातलं.