कालिंदीबाईंचं मनगट

शिवाजी पेठेतल्या कालिंदीबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, पण पोरांना वाचून दाखवायची सवय सुटेना. संध्याकाळी पाचला त्यांच्या बाहेरच्या खोलीत गल्लीतली दहा-बारा पोरं चटईवर बसायची. सगळ्यांचं लाडकं पुस्तक वेशीत अडकलेल्या हत्तीचं. चाळीस वर्षं जुनं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. या पोरांच्या आईबापांनीही ते बाईंकडूनच ऐकलेलं.

गेल्या वर्षी फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर मैदानाबाहेर दगडफेक झाली आणि मारामारी पळत पळत गल्लीत शिरली. पहिला दगड बाईंच्या पत्र्यावर आदळला.

"फटाकं हायत," म्हणून बाई आवाज चढवून हत्तीचं पुस्तक पुढं वाचू लागल्या. दुसऱ्या दगडानं खिडकीची काच फुटली. दार लावायला त्या उठल्या, तोच पंचविशीतला एक माणूस आत कोसळला. डोकं फुटलेलं, एका डोळ्यातून रक्त वाहतंय.

"वाचवा, बाई!"

त्याच्या मागोमाग हॉकीची काठी घेऊन गल्लीतलाच उदयसिंह आला. त्याचा चार वर्षांचा पोरगा राजवीर चटईवरच होता.

"बाई, बाजूला व्हा. ह्यानं माझ्या भावाचं दात पाडल्यात."

"डोळं फुटलं काय तुझं? पोरं हायत हितं!"

त्यानं ऐकलं नाही. पहिला फटका खाली पडलेल्या माणसाच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पोरांनीही ऐकला. दुसरा बरगड्यांवर. रक्ताचे शिंतोडे भिंतीवर उडाले, पोरांच्या कपड्यांवर उडाले. तिसऱ्या फटक्याला बाई मधे पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट तुटल्यासारखं लोंबलं. तशातच त्यांनी डाव्या हातानं उदयसिंहच्या कानाखाली जाळ काढला.

"पप्पा, नगो!" राजवीर किंचाळला. तो भिंतीला चिकटून उभा होता. चड्डी ओली झाली होती.

उदयसिंहनं पोराकडं बघितलं. हॉकी टाकली आणि पळाला.

तो जखमी माणूस जगला, पण त्याचा डोळा गेला.

मग पेठेतली मंडळी बाईंकडं येऊ लागली. "आपलाच पोरगा हाय, नाव घेऊ नका." उदयसिंहची बायको मोना पाया पडली. बाईंनी तिला उठवून चहा पाजला. पोलिसांपुढं मात्र त्यांनी नाव सांगितलंच. चौथ्या दिवशी दाराला कुणीतरी शेण फासलं. पोरं यायची बंद झाली. मनगट वाकडंच जुळलं.

तीन महिन्यांनी मोना राजवीरला घेऊन दारात उभी राहिली. नवरा अजून तुरुंगातच होता.

"झोपंत ओरडतोय. बाईंकडं जायचं म्हणतोय. न्हाय म्हणू नका."

"न्हाय कशाला म्हणू? ये रं."

बाईंनी हत्तीचं पुस्तक काढलं, तसा तो मागं सरला. ते ठेवून त्यांनी माशांचं घेतलं आणि डाव्या हातानं पानं उलटत वाचायला लागल्या. पहिली दोन पानं त्यानं तोंड वर केलं नाही. तिसऱ्या पानावर मोठ्या माशाच्या पोटावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "ह्यो चावतोय?"

"न्हाय," बाई म्हणाल्या. "ह्यो न्हाय चावत."