हमीदाचाचींच्या दोन पिशव्या

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला प्राणिशास्त्रात पीएचडी करत होते, आणि आठवड्यातून तीनदा सकाळी थर्मासमध्ये बर्फ भरून वडाळा नाक्याजवळच्या एका मटणाच्या दुकानात जायचे.

माझा विषय होता बोकडाचं अधिवृषण... म्हणजे वृषणाला चिकटलेली, वेटोळी झालेली नळी. तिच्या पेशींत पुरुषी हार्मोन पकडणारे रिसेप्टर असतात. ते कशाने टिकतात आणि कशाने कमी होतात, हे बघायचं होतं.

दुकानामागे हमीदाचाची बसायच्या. मुंडी, पाय, वजडी साफ करायचं काम त्यांचं. नळी एरवी टाकूनच द्यायची, ती त्या माझ्यासाठी काढून ठेवायच्या.

मी तेवीस वर्षांची, आजूबाजूला गिऱ्हाइकं... "चाची, ते द्या ना," एवढंच म्हणायचे. त्या पिशवी पुढे करायच्या. आठ महिने असंच चाललं.

अडचण लॅबमध्ये होती. रिसेप्टर असेल तिथे स्लाइडवर तपकिरी रंग यायला हवा. काही स्लाइड्स गडद यायच्या, काही जवळजवळ कोऱ्या. सगळं पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं... तेच.

शेवटी माझे गाइड असलेले सर म्हणाले, "तुझा हात बसत नाहीये. महिन्याभरात जमलं नाही तर विषय बदलू." घरी स्थळं बघणं सुरूच होतं. विषय बदलला असता तर पीएचडी तिथेच संपली असती, हे मला माहीत होतं.

नोंदींची वही पुन्हा चाळली. कोऱ्या आलेल्या सगळ्या स्लाइड्स बारीक नळ्यांच्या होत्या. त्यांच्यापुढे मीच 'लहान वयाचा बोकड' असं लिहून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी विचारलं. हळू आवाजात.

"चाची, ही बारीक असतात ती पिल्लांची का?"

"पिल्लाचं कशाला? ठेचेल बोकडाचं हाय ते." चाचींचा आवाज मुळीच हळू नव्हता. "पेठ तालुक्याकडून येतात ना, त्यात लय ठेचेल असतात. ठेचला की अंगानं भरतो, मटणाला वास नाय येत."

ठेचलेले, म्हणजे वृषणाच्या नसा चेचून खच्ची केलेले बोकड. वृषण अंगावरच राहतं, पण सुकून बारीक होतं. त्यांच्या अंगात तो हार्मोन जवळपास नसतोच...

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कधी? तू तर नाव पण नाय घेत. मला वाटलं, पोरीला लाज वाटती, कशाला बोला."

त्या दिवसापासून चाची दोन वेगळ्या पिशव्या करायला लागल्या.

सरांनी दोन्हींच्या स्लाइड्स शेजारी ठेवून बराच वेळ मायक्रोस्कोपमधून पाहिलं. हार्मोन असेल तोवर रिसेप्टर टिकतात, तो गेला की तेही ओसरतात. "हेच तर दाखवायचं होतं," सर म्हणाले. माझा हात आधीपासूनच बसलेला होता.

प्रबंध मान्य झाल्यावर पेढे घेऊन चाचींकडे गेले. काय सापडलं ते सांगितलं, या वेळी सगळे शब्द वापरून.

"एवढ्यासाठी चार वर्षं?" चाची म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकला.

आता मी शिकवते. प्रजननसंस्थेचा धडा आला की वर्गात खुसखुस सुरू होते... मी रागवत नाही. प्रत्येक शब्द सगळ्यांना एकदा मोठ्याने म्हणायला लावते, आणि मगच पुढे जाते.