पाच घरची गोधडी

आमच्या घरात शिवणं हे ताईचं काम होतं आणि बिघडवणं माझं. आठवीपर्यंत मी तिच्या हातचंच अंगात घातलं. फ्रॉक, शाळेचा गणवेश, दप्तरसुद्धा. गुजरातेत, डिंडोलीतल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांची ब्लाउजंही तिनंच शिवलेली असायची. मला मात्र ती मशीनला हात लावू द्यायची नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. एकदा मी फ्रॉकची बाही गळ्याला जोडली होती आणि वर तिलाच सुनावलं होतं की कापडच वाकडं आहे. राग कायम नाकावर आणि हात धसमुसळे, अशी मी होते.

ताई लग्न होऊन धुळ्याकडच्या एका खेड्यात गेली. मशीनवर चादर पडली. ही नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. वर्षभरातच ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं, तेव्हा मी मनाशी एक पक्कं केलं. बाळाची गोधडी मी शिवणार. ताईनं ती हातात घेऊन छान म्हणायचं आणि सासरी जाताना सोबत न्यायची. एवढंच मला हवं होतं. पण त्यासाठी मी जेवढी झुरले, तेवढी पुढं कुठल्या परीक्षेसाठीही झुरले नाही.

आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड कापत नाहीत. गोधडी जुन्याचीच, आणि तीही पाच घरच्या जुन्याची. ज्या घरातली लेकरं धडधाकट वाढली, त्या घरच्या आईकडं तिची नेसलेली साडी मागायची. त्या आयांचा आशीर्वाद मग बाळाच्या अंगाखाली राहतो. मायनं मला पाच घरं बोटांवर मोजून दिली आणि मी पिशवी घेऊन निघाले.

एकाही घरानं नाही म्हटलं नाही. उलट बायांनी पेटीतल्या त्यातल्या त्यात झगझगीत साड्या काढून दिल्या. एक मोरपंखी, एक डाळिंबी, एकीवर जांभळी फुलं, एक पिवळी धमक, आणि एक अशी की उजेडात हिरवी आणि सावलीत निळी दिसायची. गल्लीतले सगळे पुरुष खात्यांत, म्हणजे साड्यांच्या मागांवर कामाला. विणताना दोष राहिलेली किंवा छपाई सरकलेली साडी हमखास घरी यायची, आणि बाया तीच नेसायच्या. मायनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पाची घरनं शे ना?" मी हो म्हटलं. "मंग झायं," म्हणाली, आणि परत खात्यातून आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापायला बसली.

त्यानंतरचे दोन महिने मला एका लांबलचक दुपारीसारखे आठवतात. शाळा सकाळची. दुपारी माय शेजारणीकडं काम घेऊन बसायची, नाना, म्हणजे माझे वडील, खात्यावर असायचे. मी दाराचं एक कवाड उघडं ठेवून उंबऱ्याजवळ साड्या पसरायची. मागच्या खात्यातल्या मागांचा खडखडाट इतका सतत असायचा की तो ऐकूच यायचा नाही. वीज गेली की मात्र शांततेनं दचकायला व्हायचं. उन्हाचा पट्टा डाळिंबीवरून मोरपंखीवर सरकायचा. सुई आत जायची, वर यायची, आणि मी कुठंतरी निघून जायची. कधी वाटायचं, आपण पाण्यावर टाके घालतोय. कापड हातात ठरायचंच नाही. एक कोपरा बसवला की दुसरा हळूच निसटायचा. मला ती त्या कापडाची लाडीगोडी वाटायची. इतकं सुंदर काही माझ्या हातून होतंय, या आनंदात बाकी काही दिसतच नव्हतं.

चैत्रात ताईला मुलगा झाला. पाचव्या दिवशी पाचही घरच्या आया जमल्या आणि मायनं माझी गोधडी खाटेवर अंथरली. बायांनी आपापली साडी ओळखली, बोटं लावून पाहिली. बाळाला तिच्यावर ठेवलं. त्यानं एक पाय झाडला आणि गोधडीसकट आडवं सरकून ताईच्या मांडीला लागलं. पुन्हा वर घेतलं, पुन्हा सरकलं. मग त्यानं शू केली. गोधडी थेंबभरही प्यायली नाही. सगळी शू पिवळ्या धमक साडीवरून घरंगळत खाली मायच्या पायावर. शेजारची गुजराती काकी ओरडली, "अरे, आ तो लपसी जाय छे!" बायांची हसून हसून मुरकुंडी वळली. तासाभरात बाळाच्या पाठीवर घामोळंही उठलं.

तेव्हा मायनं कपाळावर हात मारला. गावाकडं, धुळ्याच्या बाजूला, गोधडी जुन्या सुती लुगड्यांची असते. आम्ही घरं बरोबर मोजली होती, आयाही बरोबर निवडल्या होत्या. पण साड्या सगळ्या पॉलिस्टरच्या, पाची घरांत सूत उरलेलंच नव्हतं. कापडाच्या एवढ्या मोठ्या शहरात आमच्या बाळाला अंथरायला कापड नव्हतं. शेवटी मायनं आपले दोन जुने परकर फाडले आणि त्यांवर ते निवांत झोपलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी गोधडी गुंडाळून मशीनखाली कोंबली आणि दोन दिवस तिच्याकडं बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला मरणाची लाज वाटत होती. तिसऱ्या दुपारी माय बाहेर गेल्यावर मी ब्लेड घेऊन टाके उसवायला बसले.

ताई जागीच होती. "ठेव ते," म्हणाली. "मन्हा अंगवर टाक."

बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. मी चिडले. "गंमत करू नको. बाळाला घामोळं आलं हिच्यानं."

"टाक तर."

मी टाकली. ती लगेच घसरायला लागली, तर ताईनं तिची कड मुठीत धरली. कपाळावर घाम डवरला होता. माझे वाकडेतिकडे टाके ती अंगठ्यानं चाचपत राहिली. मग छताकडं बघत म्हणाली, "मन्हाकरता आजलगून कोनी सुईमा दोरा घाला नही, बाई."

गल्लीतली निम्मी ब्लाउजं, माझा एकूण एक कपडा, सगळं हिनं शिवलेलं. आणि हिच्यासाठी कुणीच काही नाही. मीसुद्धा नाही. दोन महिने मी बाळाचा विचार केला, पाच घरच्या आयांचा केला, माझ्या कौतुकाचा तर रोज केला. हिचा एकदाही केला नव्हता.

"तुला काय शिवू?" मी विचारलं.

ती हसली. आताशा जुनी ब्लाउजं बसत नाहीत, म्हणाली. आपलं ब्लाउज ती नेहमी नव्या कापडावर जुनं ठेवून कापायची. तिचं माप असं कुणी घेतलेलंच नव्हतं. मी मशीनच्या खणातून टेप काढली. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात अंगापासून थोडे लांब धरून, आणि बघावं कुठं हे तिला कळेना. मी छाती मोजली, खांदा मोजला, दंड मोजला. आकडे मोठ्यानं वाचले.

टेप गुंडाळायला लागले, तर ती हात तसेच धरून उभी. "आखो एकदाव मोज," म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.