रुद्रप्पा शेटे आणि सरपटी चेंडू

दिंद्रुडच्या रुद्रप्पा शेटेला कुणी क्रिकेट येतं का असं विचारलं, तर तो "गोल्फ येतं" असं उत्तर देई. ज्याला गोल्फ येतं त्याला हातात काठी धरून खेळायचा कुठलाही खेळ येतो, हेही तो वर सांगे. गावात गोल्फ पाहिलेला तो एकटाच, त्यामुळं त्याला खोडून काढायची सोय कुणालाच नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात वडलांचं किराणा दुकान बसलं. तेव्हा हा पोरसवदा रुद्रप्पा मामाच्या मागं पुण्याला गेला आणि गोल्फच्या मैदानावर साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायला लागला. या कामाच्या माणसाला कॅडी म्हणतात. सोमवारी मैदान बंद असे आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देत. असे दहा-बारा वर्षांचे सोमवार त्याच्या अंगात मुरले होते. मग आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तसा तो बायको महानंदाला घेऊन परत आला आणि उसाच्या वजनकाट्यावर हंगामी लागला. गाळप चालू तोवर काम, पुढं घरी.

चालण्याबोलण्यात मात्र हंगामीपणा नव्हता. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माच्या ठसठशीत रेघा आणि मान ताठ. आश्रुबाच्या हॉटेलात बसला की चहाचा चमचा उचलून तो स्विंग समजावू लागे. काठी मागं नेऊन चेंडूवर आणेपर्यंत अंगाची जी सगळी हालचाल होते, ती स्विंग.

"विटीदांडूत नुसतं मनगट हाय. हॉकीत काठी लई वर न्यायची न्हाई. क्रिकेटात बॅट सरळ, वरून खाली. गोल्फात काठी पार पाठीमागं जाती अन् अंगाला वेढा घालून येती. पर कुठंबी बघा, आधी कंबर फिरती, हात मागून येतेत. हात आधी आले की गेलं!"

"अन् कुऱ्हाडीत, अप्पा?" आश्रुबा गल्ल्यावरून विचारी.

"कुऱ्हाडीत आपलं बोट सांभाळायचं."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठले. उभा ऊस जनावरांच्या चाऱ्याला गेला आणि पुढच्या हंगामात कारखान्याचं धुराडं पेटेल की नाही, हे कुणी सांगू शकेना. हंगामी लोक पुण्या-मुंबईच्या वाटा धरू लागले. त्यातच जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांचे क्रिकेटचे सामने ठरले. कारखान्याचे चेअरमन सुंदरराव हौशी माणूस. त्यांनी भर सभेत सांगून टाकलं, की जो हंगामी गडी कारखान्याला सामना जिंकून देईल त्याला कायम करू. रुद्रप्पानं त्याच संध्याकाळी महानंदाला सांगितलं, "आता पुण्याला जायाचं न्हाई."

संघाचा कप्तान होता सुंदररावांचा पुतण्या धर्मराज. औरंगाबादच्या कॉलेजात खेळलेला, आणि खेळायचाही देखणा. त्यानं काट्याजवळच्या टणक जागेवर रुद्रप्पाची परीक्षा घेतली. रुद्रप्पानं पाय रोवले, बॅट उजव्या खांद्यावरून पार पाठीमागं नेली आणि अंगाला वेढा घालून आणली. चेंडू उसळून त्याच्या कोपरावरून निघून गेला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला यष्ट्या उडाल्या.

"हे काय बे, घर झाडायलास का?" धर्मराज म्हणाला आणि सगळे हसले.

घरी परतताना मी, गावचा शाळामास्तर, त्याच्याबरोबर होतो. वाटलं होतं, गडी खचला असेल.

"गुरुजी, माझं चुकलं न्हाई," तो म्हणाला. "गोल्फात बॉल गवतावर गप बसून ऱ्हातो, माणूस फिरतो. क्रिकेटात बॉल उड्या मारत येतो, माणसानं पाय काढून फुडं जायाचं. माझे पाय जाग्यावर रवलेत."

"मग पाय हलव की."

"पाय हलला की डोकं हलतं. डोकं हललं की नजर गेली. आता कावून बदलू? बॉलनंच खाली यावं."

मला हसू आलं. तो हसला नाही.

तरी त्याला संघात घेतलं, कारण अकरावा माणूस मिळेना. सामना दूध संघाशी होता. बीडच्या मैदानावर चाऱ्याच्या गंजी लागल्या होत्या, म्हणून पालीजवळ बिंदुसरेच्या तलावाचं कोरडं पडलेलं पात्र ठरलं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. त्या कोरड्या मातीनं बुजवून खेळपट्टी केली. रोलर फिरवण्याआधी पाणी मारावं लागतं, पण टँकर माणसांनाच पुरत नसताना खेळपट्टीला पाणी मागणार कोण? मला पंच केलं होतं, त्यामुळं पुढचं सगळं जवळून पाहायला मिळालं.

त्या भुसभुशीत मातीत चेंडू टप्पा पडताच धसायचा आणि सरपटत यायचा. दूध संघाचा गोलंदाज आसाराम हे पहिल्यापासून ओळखून होता. आमचे गडी उसळीच्या हिशेबानं बॅट धरत आणि चेंडू बॅटखालून यष्ट्यांत शिरे. एक धर्मराज तेवढा टिकला होता. जिंकायला तीन धावा उरल्या असताना त्यानं पाय पुढं टाकून झकास फटका काढला आणि चेंडू सापासारखा खालून गेला. आता शेवटचा गडी रुद्रप्पा.

परतताना धर्मराज त्याच्यापाशी थांबला. चेहरा उतरला होता, पण बोलला सरळ.

"अप्पा, बॉल उठतच न्हाई. भुईवरूनच येतोय. तुझा हाय तो."

रुद्रप्पानं पाय रोवले, मान खाली घातली, बॅट पाठीमागं नेली. दूध संघाचे लोक खिदळले. यष्टिरक्षक म्हणाला, "अप्पा, शिंकं काढायलात का?"

पहिल्या चेंडूला तो आधीच फिरला. चेंडू यष्टीला चाटून गेल्यासारखा वाटला. बेल्स जागेवर राहिल्या. रुद्रप्पा माझ्याकडं बघून म्हणाला, "घाई झाली. आता येऊ देतो."

दुसराही सरपटत आला. त्यानं तो अगदी पायाशी येऊ दिला. आधी कंबर फिरली, हात मागून आले, आणि चेंडू अशा उंचीवर गेला की क्षेत्ररक्षक पळायचं सोडून बघत राहिले. तो पडला थेट धरणाच्या भिंतीच्या दगडांवर. मी दोन्ही हात वर केले.

सुंदरराव धोतर सावरत आत आले. आनंद झाला होता, पण शब्द आठवला तसा हात थोडा आखडला.

"रुद्रप्पा, तुमी एकच तर फटका मारला."

"साहेब, एकच लागत होता."

सुंदररावांनी धर्मराजाकडं बघितलं. धर्मराज म्हणाला, "काका, माझ्याच्यानं झालं न्हाई. त्यांच्यानं झालं." तेव्हा मग सुंदरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "सोमवारपासून काट्यावर या. गाळप असो नसो."

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा शाळेत आली. दाराबाहेर उभी राहून, पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, खरं सांगा. ह्यांनी मारला का? ते हरून आले तरी जिंकल्यावानीच सांगतेत."

"मारला. मी तिथंच उभा होतो."

"अन् साहेब सगळ्यांसमोर बोलले?"

"सगळ्यांसमोर."

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "आता भावाकडून माझी शेळी माघारी आणते. पुण्याला जायाचं म्हणून देऊन टाकलती. लई दुधाची हाय हो ती, त्यो काय सुखासुखी देतोय!" आणि वर्गातल्या पोरांकडं एक नजर टाकून ती झपाझप फाट्याच्या दिशेनं चालू लागली.